विसाव्या शतकातील बलाढ्य बॅटलशिपांची तुलना कशी करावी

सर्वांत मोठी बॅटलशिप कोणती, याचे उत्तर एका शब्दात देता येते: यामातो. सर्वांत बलाढ्य कोणती, याचे उत्तर तसे देता येत नाही, आणि बहुतेक वाद हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे रंगतात. तोफेचा व्यास, चिलखताची जाडी आणि वेग असे तीन आकडे शेजारी शेजारी मांडून क्रमांक लावणे सोपे असते. पण ते आकडे एकाच मापाने मोजलेले आहेत का, एकाच काळातले आहेत का आणि नौकेला कोणते काम करायचे होते, हे ठरवल्याशिवाय त्या क्रमांकाला अर्थ राहत नाही. म्हणून माप, तारीख आणि काम या तीन गोष्टी आधी कागदावर लिहून ठेवाव्यात आणि मगच आकड्यांकडे वळावे.

यादीत कोणाला घ्यावे

मराठीत युद्धनौका हा शब्द फ्रिगेटपासून विमानवाहू नौकेपर्यंत सर्वांनाच सरसकट लावला जातो, त्यामुळे येथे मुद्दाम बॅटलशिप हाच शब्द वापरला आहे. आपल्या तोडीच्या शत्रुनौकेवर जड तोफांनी मारा करता यावा आणि तिचा तसाच मारा सोसताही यावा, अशा दुहेरी हेतूने बांधलेली नौका म्हणजे बॅटलशिप. १९०६ साली ब्रिटनच्या ड्रेडनॉटने एकाच व्यासाच्या दहा १२ इंची तोफा आणि वाफेवर चालणारी टर्बाइन यांची सांगड घातली आणि त्याआधीच्या सगळ्या नौका एका फटक्यात जुन्या ठरल्या. मात्र ड्रेडनॉटची तुलना १९४० च्या दशकातील नौकेशी करण्यात काही हशील नाही. दोघींमध्ये साडेतीन दशकांचे अंतर आहे.

आकार आणि बळ यांचा प्रश्न असेल तर दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या पिढीपाशी थांबावे: जपानच्या यामातो आणि मुसाशी, अमेरिकेच्या आयोवा वर्गातील चार नौका, जर्मनीच्या बिस्मार्क आणि टिर्पिट्झ, इटलीच्या लित्तोरिओ वर्गातील नौका, फ्रान्सची रिशेलिए, ब्रिटनची किंग जॉर्ज पाचवा या वर्गातील पाच भावंडे आणि युद्धानंतर १९४६ साली दाखल झालेली व्हॅनगार्ड. ब्रिटनची हूड ही बॅटलक्रूझर (वेगासाठी चिलखतात काटकसर केलेली जड तोफांची नौका) असल्याने तिचा संदर्भ द्यावा, पण तिला क्रमवारीत बसवू नये. अमेरिकेची मोंटाना आणि सोव्हिएत संघाची सोव्हेत्स्की सोयूझ यांची नावेही अनेकदा पुढे केली जातात. पहिलीचे काम सुरू होण्याआधीच रद्द झाले आणि दुसरी अर्धवटच राहिली. कागदावरची नौका कधीच गळत नाही, तिचे यंत्र बिघडत नाही आणि तिचा वेग चाचणीत कमी भरत नाही. म्हणून अशा नौकांना खऱ्या नौकांच्या रांगेत बसवणे हा अन्याय आहे.

आकार मोजताना

नौका जेवढे पाणी बाजूला सारते त्या पाण्याचे वजन म्हणजे तिचे विस्थापन, आणि ते नौकेच्या स्वतःच्या वजनाइतकेच असते. अडचण अशी की हे वजन नौकेत काय काय भरले आहे यावर अवलंबून असते. १९२२ च्या वॉशिंग्टन नौदल करारात बॅटलशिपसाठी ३५,००० टनांची आणि १६ इंची तोफेची मर्यादा घातली गेली, तेव्हा मोजणीसाठी प्रमाण विस्थापन ही व्याख्या ठरली: खलाशी, दारूगोळा आणि रसद धरायची, परंतु इंधन आणि बॉयलरचे राखीव पाणी वगळायचे. पूर्णभार विस्थापनात हे सारे धरलेले असते. दोन्ही आकड्यांत दहा हजार टनांचा फरक सहज पडतो.

येथेच सर्वांत जास्त चुका होतात. आयोवाचे प्रमाण विस्थापन ४५,००० टन असे छापलेले असते, तर बिस्मार्कचे पूर्णभार विस्थापन सुमारे ५०,३०० टन. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बिस्मार्क मोठी वाटू लागते. प्रत्यक्षात पूर्णभारासमोर पूर्णभार ठेवला तर आयोवा सुमारे ५८,००० टनांवर जाते आणि बिस्मार्क बरीच मागे राहते. याच मापाने यामातो सुमारे ७२,८०० टन भरते, म्हणजे आयोवापेक्षाही जवळपास पंधरा हजार टनांनी अधिक. ब्रिटिश व अमेरिकी कागदपत्रांतील लाँग टन १,०१६ किलोंचा असतो आणि इतरत्र मेट्रिक टन १,००० किलोंचा. हा फरक लहान आहे, पण सत्तर हजार टनांच्या नौकेत तो हजार टनांच्या पुढे जातो.

सरकारी आकड्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बिस्मार्क ३५,००० टनांची आहे असे जर्मनीने जाहीर केले होते. प्रमाण विस्थापनानेच ती ४१,००० टनांच्या पुढे होती. जपानने तर यामातोच्या ४६ सेंटिमीटरच्या तोफेला अधिकृत कागदांत ४० सेंटिमीटरची तोफ असेच नाव दिले होते, आणि तिचा खरा व्यास युद्ध संपेपर्यंत गुपित राहिला. यामुळे एखादा आकडा युद्धापूर्वीच्या जाहीर माहितीतला आहे की युद्धानंतर तपासलेला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

लांबीचा निकष लावला तर क्रम पुन्हा बदलतो. आयोवा २७० मीटर लांब आहे आणि यामातो २६३ मीटर. रुंदीत मात्र यामातो जवळजवळ ३९ मीटर, तर आयोवा फक्त ३३ मीटर, कारण अमेरिकी नौकेला पनामा कालव्याच्या साडेतेहतीस मीटर रुंद जलपाशातून (नौका वरखाली नेणाऱ्या दरवाजाबंद कप्प्यातून) जाणे भाग होते. ज्या रुंदीची नौका अमेरिका कालव्यातून नेऊच शकणार नाही अशी नौका बांधावी, हा जपानी आराखड्यामागचा एक हिशेबच होता. लांब आणि निमुळती नौका वेगासाठी चांगली, तर रुंद नौका जड तोफा, जाड चिलखत आणि पाणतीरापासूनचे (टॉर्पेडोपासूनचे) संरक्षण यांसाठी सोयीची. तेव्हा लांबीरुंदीचे आकडे नुसते लिहून पुढे जाऊ नये, त्यांत त्या देशाची गरज वाचावी.

तोफा: व्यासापलीकडे

व्यास हा तोफेचा सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत अपुरा आकडा आहे. त्याच्या जोडीला गोळ्याचे वजन, तोफेच्या तोंडाशी असलेला वेग आणि मिनिटाला किती गोळे सुटतात हे तीन आकडे घ्यावेत. यामातोचा चिलखतभेदी गोळा १,४६० किलोंचा होता आणि सेकंदाला ७८० मीटर वेगाने सुटत असे. आयोवाच्या १६ इंची, म्हणजे ४०.६ सेंटिमीटरच्या तोफेचा गोळा १,२२५ किलोंचा आणि वेग ७६२ मीटर. बिस्मार्कची तोफ ३८ सेंटिमीटरची, गोळा ८०० किलोंचा आणि वेग ८२० मीटर.

आता एक छोटे गणित स्वतः करून पाहावे. यामातोच्या नऊ तोफांचा एकत्रित मारा १३,१४० किलोंचा, आयोवाच्या नऊ तोफांचा ११,०२५ किलोंचा आणि बिस्मार्कच्या आठ तोफांचा ६,४०० किलोंचा. येथवर यामातो पुढे आहे. परंतु आयोवाची तोफ मिनिटाला दोन गोळे सोडते आणि यामातोची दीड ते दोन. दीडचा आकडा धरला तर यामातोचा मिनिटाचा मारा १९,७१० किलो होतो आणि आयोवाचा २२,०५०. दोनचा आकडा धरला तर यामातो २६,२८० किलोंवर जाऊन पुन्हा पहिली येते. एकाच गृहीताने क्रमवारी उलटी होत असेल, तर ते गृहीत तुलनेत स्पष्ट लिहिणे हाच प्रामाणिकपणा.

आयोवाचा गोळा तिच्या व्यासाच्या मानाने असाधारण जड आहे, याकडेही लक्ष द्यावे. जड गोळा वाटेत आपला वेग कमी गमावतो आणि लांब पल्ल्यावर अधिक उभ्या कोनात खाली येऊन डेकवर आदळतो. हलका आणि वेगवान गोळा जवळच्या पल्ल्यावर सपाट मार्गाने बाजूच्या चिलखतावर चांगला बसतो. उत्तर समुद्रातील खराब हवेत आणि कमी दृश्यमानतेत लढण्याची कल्पना करणाऱ्या जर्मनीने दुसरा मार्ग निवडला, हे त्यामुळे नवल नव्हे.

पल्ल्याच्या आकड्याला फार भुलू नये. यामातोचा कमाल पल्ला ४२ किलोमीटर होता, आणि इटलीच्या लित्तोरिओचाही साधारण तेवढाच. एवढ्या अंतरावर यामातोच्या गोळ्याला पोहोचायला दीड मिनिटाहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात २७ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर) वेगाने जाणारी नौका सव्वा किलोमीटर पुढे गेलेली असते. समुद्रावरील लढाईत चालत्या नौकेवर तोफेने साधलेले सर्वांत लांबचे नेम सुमारे २४ किलोमीटरचे आहेत: जून १९४० मध्ये जर्मनीच्या शार्नहोर्स्टने ब्रिटनच्या ग्लोरियस या विमानवाहू नौकेवर आणि पुढच्याच महिन्यात ब्रिटनच्या वॉरस्पाइटने इटलीच्या जुलिओ चेझारेवर साधलेले. पल्ल्याची तुलना करायचीच असेल, तर ती या अंतराच्या आत करावी.

चिलखत

जाडीचे आकडे असे: यामातोचा बाजूचा पट्टा ४१० मिलिमीटर, आयोवाचा ३०७ आणि बिस्मार्कचा ३२०. यावरून बिस्मार्कचे संरक्षण आयोवापेक्षा चांगले होते असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. आयोवाचा पट्टा १९ अंशांनी आणि यामातोचा २० अंशांनी तिरका बसवलेला आहे, तर बिस्मार्कचा जवळजवळ उभा आहे. तिरक्या पत्र्यातून गोळ्याला अधिक जाडी कापावी लागतेच, शिवाय तो घसरण्याची किंवा फुटण्याची शक्यताही वाढते.

दुसरी बाब मांडणीची. अमेरिकेने पहिल्या महायुद्धाच्या काळातील नेवाडापासून दारूगोळ्याची कोठारे, यंत्रे आणि तोफांचे बुरूज यांनाच जास्तीत जास्त जाड चिलखत द्यायचे आणि उरलेला भाग जवळपास उघडा सोडायचा, अशी पद्धत स्वीकारली. यामातोतही तेच तत्त्व आहे. बिस्मार्कमध्ये मात्र चिलखत अधिक भागांवर पसरलेले होते आणि तिचा मुख्य चिलखती डेक खालच्या पातळीवर होता, त्यामुळे त्याच्यावर असलेल्या तारा, नळ्या आणि नियंत्रणकक्ष यांना कमी आसरा मिळाला. २७ मे १९४१ च्या सकाळी याचा परिणाम मिनिटामिनिटाने दिसला. रॉडनी आणि किंग जॉर्ज पाचवा या ब्रिटिश बॅटलशिपांनी पावणेनऊच्या सुमारास मारा सुरू केला, साडेनऊच्या सुमारास बिस्मार्कचे चारही मुख्य बुरूज गप्प झाले होते, आणि ती बुडाली १० वाजून ३९ मिनिटांनी. ती तरंगत राहिली हे तिच्या बांधणीचे श्रेय आहे. पण लढण्याची क्षमता मोजायची असेल, तर तिचे घड्याळ साडेनऊलाच थांबले होते. तुलनेच्या तक्त्यात या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे रकाने ठेवावेत.

चिलखताची परीक्षा विशिष्ट तोफेसमोर आणि विशिष्ट अंतरांच्या पट्ट्यात करावी. फार जवळून आलेला गोळा बाजूचा पट्टा फोडतो, फार लांबून आलेला डेक फोडतो. या दोहोंच्या मधला पट्टा हा त्या नौकेचा सुरक्षित पट्टा. यामातोचा आराखडा तिच्या स्वतःच्याच ४६ सेंटिमीटरच्या तोफेसमोर साधारण २० ते ३० किलोमीटरचा पट्टा सुरक्षित ठरावा असा केलेला होता. आयोवाला त्या तोफेसमोर असा पट्टा मिळत नाही.

पाण्याखालच्या संरक्षणाचा रकाना बहुतेक तुलनांत रिकामाच असतो. डिसेंबर १९४३ मध्ये स्केट या अमेरिकी पाणबुडीचा एकच पाणतीर यामातोला लागला आणि वरच्या व खालच्या चिलखताच्या सांध्यातील दोषामुळे सुमारे तीन हजार टन पाणी आत आले. जगातील सर्वांत जाड पट्टा आणि त्याच्या खालचा कच्चा सांधा, दोन्ही एकाच नौकेचे होते.

वेग आणि पल्ला

आयोवाचा वेग ३३ नॉट, यामातोचा २७, बिस्मार्कचा ३०. लढाई स्वीकारायची की टाळायची आणि कोणत्या अंतरावर लढायचे, हे वेगवान नौका ठरवते. सहा नॉटचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण त्यासाठी आयोवाला २,१२,००० अश्वशक्तीची यंत्रे लागली, तर यामातोला १,५०,००० पुरली. इंधन भरून आयोवा साधारण १५ नॉट वेगाने १५,००० नाविक मैलांच्या आसपास जाऊ शके, यामातो १६ नॉटने सुमारे ७,२००. पॅसिफिक महासागराच्या नकाशावर हा फरक तोफेच्या व्यासाइतकाच महत्त्वाचा आहे.

नेम कोण धरतो

आकड्यांच्या तक्त्यात सहसा न दिसणारी आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक बाब ही आहे. यामातोवर १५ मीटर पायाचे प्रचंड रेंजफाइंडर (नजरेने अंतर मोजणारी दुर्बिणीसारखी यंत्रे) होते आणि स्वच्छ हवेत त्यांची अचूकता उत्तम होती. आयोवावर मात्र रडारने अंतर मोजले जात असे, ते आणि दोन्ही नौकांचा मार्ग व वेग दंतचक्रांच्या गणकयंत्रात जात, आणि जायरोस्कोपच्या (आपली दिशा न सोडणाऱ्या फिरत्या चाकाच्या) आधाराने तोफा आपोआप रोखलेल्या राहत. त्यामुळे स्वतःची नौका वळत असतानाही तिचा नेम फारसा बिघडत नसे. धूर, रात्र किंवा पाऊस आला की ही दरी फार रुंदावते.

याचे उदाहरण म्हणून पॅसिफिकमधील ग्वादालकनाल बेटाजवळची, १५ नोव्हेंबर १९४२ च्या मध्यरात्रीनंतरची लढाई घ्यावी. वॉशिंग्टन या अमेरिकी बॅटलशिपने काळोखात रडारच्या साहाय्याने सुमारे पावणेआठ किलोमीटरवरून जपानच्या किरिशिमावर मारा केला आणि काही मिनिटांत तिला निकामी केले. हे उदाहरण देताना किरिशिमा ही मूळची १९१५ ची, १४ इंची तोफांची आणि पातळ चिलखताची नौका होती, हेही सांगावे. अन्यथा रडारच्या खात्यावर जरा जास्तच श्रेय जमा होते.

विमानविरोधी मारा हा याच विषयाचा दुसरा भाग आहे. तोफांची संख्या मोजली तर १९४५ ची यामातो दीडशेहून अधिक २५ मिलिमीटरच्या तोफांनी बुजबुजलेली दिसते. पण त्या तोफेची पेटी फक्त १५ गोळ्यांची असे आणि ती सतत बदलावी लागे. आयोवाच्या ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा आणि ५ इंची तोफांचे विमानाजवळ आपोआप फुटणारे गोळे यांच्याशी नुसत्या संख्येची बरोबरी करता येत नाही.

लढायांचे निकाल कसे वाचावेत

लढाई हा पुरावा आहे, पण तो एका दिवसाचा आणि एका परिस्थितीचा असतो. २४ मे १९४१ रोजी ग्रीनलंड आणि आइसलंड यांमधील डेन्मार्क सामुद्रधुनीत बिस्मार्कने काही मिनिटांतच हूड उडवली. तिच्यावरील १,४१८ जणांपैकी तिघेच वाचले. त्याच लढाईत प्रिन्स ऑफ वेल्स ही ब्रिटिश नौका इतकी नवी होती की बुरूज दुरुस्त करणारे कारखान्याचे कामगार अजून तिच्यावरच होते. तिच्या तोफा वारंवार अडकल्या आणि तिला माघार घ्यावी लागली. तरीही तिचे तीन गोळे बिस्मार्कला लागले, इंधनाची गळती सुरू झाली आणि बिस्मार्कला मोहीम सोडून फ्रान्सच्या किनाऱ्याकडे वळावे लागले. दोन दिवसांनी स्वोर्डफिश या कापडी पंखांच्या विमानाच्या पाणतीराने तिचे सुकाणू जाम केले. यात सर्वांत बलाढ्य कोण, हे आपण कोणते काम मोजतो त्यावर ठरते.

मुसाशी २४ ऑक्टोबर १९४४ रोजी आणि यामातो ७ एप्रिल १९४५ रोजी विमानांच्या हल्ल्यात बुडाल्या. मुसाशीला पाणतीर दोन्ही बाजूंनी लागल्यामुळे ती बराच वेळ सरळ राहिली. यामातोच्या वेळी हल्ला मुख्यतः डाव्या बाजूवर एकवटला आणि ती लवकर कलली. यांवरून बॅटलशिप आणि विमान यांच्या सामन्याबद्दल बोलावे, यामातो आणि आयोवा यांच्या सामन्याबद्दल नव्हे. या दोघींची गाठ कधी पडलीच नाही.

तारखेचे भान मात्र शेवटपर्यंत ठेवावे. १९८० च्या दशकात टोमाहॉक क्षेपणास्त्रे मिळालेली आयोवा १९४५ च्या यामातोसमोर उभी करणे म्हणजे वेगवेगळ्या शतकांतले सैनिक एका मैदानात उतरवणे होय. माझा स्वतःचा निर्णय दोन अटींसह असा आहे: १९४५ साली, रात्री किंवा खराब हवेत, आयोवा; त्याच साली स्वच्छ दिवशी, वीस किलोमीटरच्या आसपास, माघारीला वाव नसेल तर यामातो. ज्याला हा निर्णय पटत नसेल त्याने कोणती अट बदलली ते सांगावे, म्हणजे वाद पुढे सरकतो.

या वादात एक छायाचित्र हमखास पुढे येते. शिनानो या यामातोच्या तिसऱ्या बहिणीचे पुढे विमानवाहू नौकेत रूपांतर झाले आणि तिच्या बुरुजासाठी बनवलेला सुमारे ६६० मिलिमीटर जाडीचा पत्रा वापराविना राहिला. अमेरिकेने तो नेऊन १९४६ साली त्यावर १६ इंची गोळा डागला आणि गोळा आरपार गेला. ते भोक पडलेला पत्रा आज वॉशिंग्टनच्या नौदल आवारात उभा आहे. यामातोचे चिलखत आयोवापुढे टिकले नसते, याचा पुरावा म्हणून ते छायाचित्र दाखवले जाते. चाचणीत तोफ अगदी जवळ होती आणि गोळा पत्र्यावर जवळजवळ काटकोनात आदळला होता. नौकेवर तोच पत्रा मागे झुकलेला असता, आणि वीस किलोमीटरवरून आलेला गोळा वेग गमावून वेगळ्या कोनात त्याच्यावर पडला असता.